मामाची पत्रिका पिशवीच्या तळाशी

ताईचं लग्न ठरलं आणि पत्रिका वाटायचं काम माझ्यावर आलं. पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते कॉटवर पाय लांब करून घरादाराला हुकूम सोडून राहिलेले. घरात गाडी चालवणारा, रिकामा आणि तोंडानं चालू असा एकच माणूस उरला होता. मी.

आमच्याकडं पत्रिका मोबाईलवर पाठवली तर माणूस लग्नाला येत न्हाई. आला तर जेवत न्हाई. हातातच द्यावी लागती, कोपऱ्यांना हळद-कुंकू लावून, घरात जाऊन, बसून, च्या पिऊन. आणि आमचे पाव्हणे म्हणजे कुणी ज्वारीची मूठ वाऱ्यावर उडवावी तसे पडलेले. भोकरला, धर्माबादला, देगलूरला, उदगीरला, निलंग्याला, औशाच्या पुढं, लातूर-अहमदपुरात. दोन जिल्हे आणि एक मोटारसायकल.

दुसऱ्या कुणाला घाम फुटला असता. मला लई मजा वाटली. दुपारचं जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन बसलो आणि नकाशावर एकेका पाव्हण्याच्या घरावर खूण टोचत गेलो. मग खुणा जोडल्या. वर भोकर, तिथून उमरीवरून धर्माबाद, खाली देगलूर, मग उदगीर, निलंगा, औसा, आणि लातूर-अहमदपूर-लोहा करत परत नांदेड. कुठंच मागं फिरायचं न्हाई. गेलेला रस्ता पुन्हा न्हाई. स्क्रीनवर निळी गोल रेघ उमटली, अगदी बांगडीसारखी. मी ती घरातल्या सगळ्यांना दाखवली, वरून नकाशातल्या बाईच्या आवाजात, "दोनशे मीटरनंतर, उजवीकडे वळा, आणि आत्याकडे च्या प्या." ताई हसली. पप्पा पाय धरून हसले.

आई डाळ निवडत होती. ती हसली न्हाई.

"आधी दादाकडं जायचं असतंय," ती म्हणली.

दादा म्हणजे तिचा भाऊ, माझा मामा. राहतो औशाच्या पुढं, म्हणजे माझ्या बांगडीच्या पार पलीकडच्या टोकाला. रीत अशी हाय की पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी मामाला. मामा लग्नात नवरीच्या पाठीशी उभा राहतो, तो न्हाई तर भटजी हाक कुणाला मारणार? हे मला ठाव होतं. पण नकाशाला ठाव न्हवतं, आणि त्या दिवशी मी नकाशाच्या पार्टीत होतो.

"आई, आधी औशाला गेलो तर परत यायचं, मग भोकर. सगळं उलटं होतंय. बघ ही रेघ."

"मीच जाईन म्हनते त्याच्याकडं. तू मला सोड अन् मग हिंड की कुठं हिंडायचं ते."

"मी त्याच रस्त्यानं जाऊन राहिलो तर तू वेगळी कशाला? ही बाई सांगती ना, हाच रस्ता बरोबर हाय."

आईनं मोबाईलकडं पाहिलं. "त्या बाईला माझा भाऊ ठाव हाय का?"

सगळे पुन्हा हसले. मीच सगळ्यात जोरात. मग आई म्हणली, "बरं. तू म्हनशील तसं." आणि डाळीत बघायला लागली.

आता इथं एक गोष्ट सांगायला लागती. मामाच्या पोरीचं लग्न झालं, त्याला चार वर्षं झाली. तवा मामानं आमची पत्रिका स्वतः आणली न्हाई, नांदेडला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवली. बहिणीला दुसऱ्याच्या हातानं पत्रिका! आई तेवढ्यावर ताठली. लग्नाला गेली ती ऐन अक्षतांना, आणि न जेवता परत आली. बहीण न जेवता गेली म्हणून मग मामा ताठला. तवापासून दोघांचं बोलणं बंद. भांडण न्हाई, शिवी न्हाई, नुसतं बंद. ताईचं लग्न हे ते उघडायचं एकच दार होतं, आणि आईला त्या दारातून स्वतःच्या पायानं आत जायचं होतं. हे घरातल्या बारक्या पोरालाबी कळलं असतं. मला कळत न्हवतं असं न्हाई. मला ते येडेपणाचं वाटत होतं.

निघायच्या दिवशी आईनं एक पत्रिका वेगळी काढली. चारी कोपऱ्यांना तिनं स्वतः बोटानं हळद-कुंकू लावलं, तेबी दाट. "ही दादाची," म्हणली. मी पिशवी लावली ती नकाशाच्या हिशेबानं, आधीचं गाव वर, नंतरचं खाली. परतीच्या लातूर-अहमदपूरच्या बाजूच्या कप्प्यात, आणि मामाची पत्रिका गेली तळाशी.

भोकर मस्त झालं. धर्माबादला तर रंगलं. तिथल्या पाव्हण्याच्या दुकानावर तेलुगू मिसळून मराठी बोलणारा एक शेटजी बसलेला, मी त्याच्यासमोरच त्याचा आवाज काढला, तर त्यानं मला मिरचीची पुडी भेट दिली. देगलूरला शाळेच्या हेडमास्तरची नक्कल. प्रत्येक घरी च्या, प्रत्येक घरी हशा, आणि प्रत्येक घरी एक म्हातारं माणूस पत्रिका हातात घेऊन विचारायचंच, "मामाला दिली ना रे आधी?"

मी मान हलवायचो आणि मामाच्या आवाजात म्हणायचो, "ह्हं. भेटली. काय समजलं?"

मामाचा आवाज म्हणजे माझा पहिला आवाज. तो वाक्याच्या आधी घसा खाकरतो आणि वाक्याच्या शेवटी 'काय समजलं?' म्हणतो. बारका होतो तवा सुट्टीत त्याच्याकडं असलो की चार माणसं बसली की तो मला हाक मारायचा, "ए बोक्या, काढ रे माझा आवाज." मी काढायचो आणि मांडी बडवत हसणारा पहिला माणूस तोच असायचा. माझ्या घशाची पहिली तारीफ त्याची. बोक्या हे नावबी त्याचंच, दुसरं कुणी म्हणत न्हाई.

उदगीरला मावशी राहती. आईची धाकटी बहीण. तिनं पाट मांडला, पाणी दिलं, पत्रिका बघून डोळे पुसले, आणि हात मागं घेतला.

"आधी दादाला दिलीस का?"

"हाव."

"खरं?"

"हाव गं मावशी."

"मग त्याला फोन लाव. त्याच्या तोंडून ऐकू दे. दादाच्या आधी मी कशी घेऊ?"

मी म्हणलं, माझ्या फोनला घरात रेंज न्हाई, बाहेर जाऊन लावतो, तुझ्या फोनवरच करायला सांगतो त्याला. बाहेर आलो. कोपऱ्यावर पानटपरी होती, तिच्यामागं उभा राहिलो. माझ्या मोबाईलमधे दुसरं सीम हाय, त्याचा नंबर मावशीकडं न्हाई. मला त्या वक्ताला मनापासून वाटलं की ही जगातली सगळ्यात भारी आयडिया हाय. पुढं कधीतरी मामासमोरच हा किस्सा सांगू आणि तो मांडी बडवेल, इथपर्यंत मी पोचलो होतो.

"ह्हं. मी बोलतोय."

"दादा? हा कुनाचा नंबर?"

"नवा घेतलाय. काय समजलं? पोरगं आलंय ना तिकडं? पत्रिका भेटली मला. तू घे."

झालं होतं काम. फोन कापायचा होता. पण मावशी बोलायला लागली.

"दादा, थांब. अक्का आली व्हती का सोता?"

अक्का म्हणजे आई.

"आली असंल तर नीट बोललास ना तिच्याशी? तुला सांगू नको म्हनली व्हती, पन सांगते. दर नागपंचमीला मला फोन करून रडती ती. माझंच चुकलं, मी न जेवता यायला नको व्हतं म्हनती. दादानं एकदा हाक मारली तर अनवानी जाईन म्हनती." मग ती थांबली. "आली व्हती ना दादा?"

टपरीवाला चुना लावून राहिला होता. समोरून एसटी गेली. मी माझ्या आवाजात बोलू शकलो असतो. मावशी, मी हाय, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"हाव," मी म्हणलं. मामाच्या आवाजात.

"बोललास तिच्याशी?"

"हाव."

मावशी रडायला लागली. "बरं झालं, दादा. लई बरं झालं. आता माझं काही न्हाई." मी फोन कापला.

घरात गेलो तर तिचे डोळे लाल, पण तोंडावर असं काही होतं की मला बघवेना. तिनं पत्रिका घेतली, देवापुढं ठेवली, मला कुंकू लावलं आणि शिरा केला. मी दोन वाट्या खाल्ल्या, न्हाई म्हणलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं.

तिथून आईला फोन करता आला असता. तिला आणून मामाकडं सोडता आलं असतं. पण त्यासाठी बांगडी तोडावी लागणार होती, आणि मोबाईलमधली बाई म्हणत होती, सरळ जा. मी सरळ गेलो. निलंग्याला चुलत आत्याकडं मुक्काम केला. तिथं सगळे म्हणले, काढ रे कुणाचा तरी आवाज. मी म्हणलं, घसा बसलाय.

सकाळी मामाच्या गावात शिरलो. अंगणात गाडी उभी केली तर खिशातला मोबाईल मोठ्यानं बोलला, "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात."

मामा ओसरीवर बसलेला. उठला.

"या, या पाव्हणं. बसा."

मला आधी वाटलं मस्करी करून राहिला. मग त्यानं खुर्ची आणवली आणि तिच्यावर धुतलेला टॉवेल अंथरला. मामी तांब्या-पेला ताटलीत घेऊन आली. ज्या घरात मी रांजणात तोंड घालून पाणी प्यायचो, तिथं ताटलीत पेला! पाणी पितानाच मला कळलं, मावशीचा फोन येऊन गेला. यायचाच होता. भाऊ-बहीण बोलले म्हणल्यावर आनंदानं तिला झोप आली असंल का?

"वाटंत काही तरास न्हाई ना झाला?" मामा म्हणला.

"मामा, मी..."

"काल उदगीरला आमचं बोलनं झालं म्हनं. मी लई गोड बोललो म्हनं. मला तर आठवत न्हाई. वय झालं." तो खाकरला. "पुन्ना एकदा काढा की आमचा आवाज. घरच्यांनीबी ऐकू द्या."

"मामा, चुकलं माझं."

"काढा. आमी कधी न्हाई म्हनलंय का तुमाला?"

तो खरंच वाट बघत होता. हात मांडीवर ठेवून. मी तोंड उघडलं, ह्हं आलं आणि पुढं काहीच आलं न्हाई. मामी दारात उभी होती, तिनं दुसरीकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणला. "लांबचा प्रवास हाय, घसा बसतो."

मी पिशवीत हात घातला. तळाशी एकटी पत्रिका. वरच्या पत्रिका काढता-घालता तिचा एक कोपरा दुमडलेला, आणि आईचं दाट हळद-कुंकू सगळीकडं फासलेलं. दोन्ही हातांनी पुढं केली. मामानं ती नुसती पाहिली.

"ही कशाला? मला भेटली की. मीच सांगितलं ना काल, भेटली म्हनून. एका घराला दोन पत्रिका देत नसत्यात, पाव्हणं."

"अहो, घ्या की," मामी म्हणली. "पोरगं हाय."

"पोरगं कुठाय? पत्रिका घेऊन आलेत. पाव्हणे हाईत."

मग त्यानं मामीला आत पाठवलं आणि नारळ, कोरी दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, आणि पांढरी टोपी मागवली. भाच्याला मामा कपडे करतो, दिवाळीला, लग्नात. दस्ती-टोपी ही लांबच्या पाव्हण्याला वाटं लावताना देतात, घरी कुणी आलं-गेलं म्हणून. मामानं दस्ती माझ्या खांद्यावर टाकली आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवून दोन्ही हातांनी सरळ केली. इतक्या जवळून त्याचं तोंड मी बारका होतो तवाच पाहिलेलं. तो रागात न्हवता. रागात असता तर बरं झालं असतं.

"तुमची आई आली न्हाई," तो हळूच म्हणला.

"न्हाई."

"हं."

पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. सावकाश जावा. त्या बाईला इच्चारत इच्चारत."

लातूरच्या आणि अहमदपूरच्या पत्रिका त्या दिवशी दिल्या न्हाईत. मोबाईल बंद केला आणि थेट नांदेडला आलो.

आईनं पिशवी उघडली. आधी नारळ निघाला, मग दस्ती, मग टोपी. टोपी हातात घेऊन ती उभी राहिली. "दादानं तुला दस्ती-टोपी केली?"

मग तळाची पत्रिका निघाली.

मी सगळं सांगितलं. कुणाचाही आवाज न काढता, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. मावशी काय बोलली तेबी सांगितलं, कारण ते न सांगता बाकीचं सांगता येत न्हवतं. आई ऐकता ऐकता खाली बसली. चार वर्षं तिनं जे फक्त बहिणीला सांगितलं होतं ते तिच्या पोरानं टपरीमागं उभं राहून ऐकलं होतं. ती माझ्याकडं बघत न्हवती. तिलाच लाज वाटून राहिली होती, आणि ते मला सहन होईना. तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी नाचलो असतो.

"अन् तू हाव म्हनलास," ती म्हणली.

"हाव."

"त्याच्या आवाजात."

"हाव."

तिनं पत्रिका पदरानं पुसली. दुमडलेला कोपरा नखानं सरळ केला. हळदीची वाटी घेतली. "उद्या सकाळी गाडी काढ."

सकाळी निघताना सवयीनं माझा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला. आईनं नुसतं पाहिलं. मी हात बाहेर काढला. लोहा, अहमदपूर, लातूर. आई मागं पत्रिका मांडीवर धरून बसलेली. लातूरच्या गर्दीत गाडी हळू केली तवा माझ्या कानापाशी म्हणली, "मीबी त्या येळंला लईच ताठले व्हते." मला सांगून राहिली होती की म्हणायची सवय करून राहिली होती, कळलं न्हाई.

मामाच्या फाटकाशी मी गाडी उभी केली. मी आत येत न्हाई म्हणलं, ती ये म्हणली न्हाई. तिनं चपला काढल्या, गाडीच्या चाकापाशी एकाला एक लावून ठेवल्या, आणि अंगण तुडवत निघाली. ऊन चांगलं चढलेलं.

"अगं बया, पाय भाजतील की!" मामीचा आवाज आला.

मग मामाचा आवाज. खराखुरा. खाकरला न्हाई, 'काय समजलं' न्हाई. नुसतं तिचं नाव, लहानपणीचं, जे मी कधी ऐकलं न्हवतं. तो आवाज मला आजबी काढता येत न्हाई. मी मान खाली घालून तिच्या चपलांकडं बघत उभा राहिलो.

मामा लग्नाला दोन दिवस आधी आला. मावशी त्याच्याच जीपमधून आली. ती आता माझा फोन घेतला की आधी विचारती, "कोन बोलतंय? खरं सांग." हसून विचारती, पण विचारतीच. हळदीला पोरांनी गलका केला, मामाचा आवाज काढ, मामाचा! मामा समोरच बसलेला. मी हेडमास्तर काढला. सगळे हसले, मामाबी हसला, आणि शेजारच्या माणसाला म्हणला, "पाव्हण्यांचा गळा चांगला हाय." भटजींनी हाक मारली तवा तो ताईला घेऊन आला आणि तिच्या पाठीशी उभा राहिला, एका हातात अक्षता, दुसऱ्या हातानं डोळे पुसत. आई जेवायला त्याच्याच पंगतीला बसली. जे व्हायला पाहिजे होतं ते झालं. माझ्यामुळं न्हाई, माझ्याशिवाय.

निघताना तो जीपमधे पुढं बसला. मी काचेपाशी गेलो.

"नीट जावा मामा. लोह्याच्या पुढं रस्त्याचं काम चालू हाय, तिथं वळण..."

"ठाव हाय आमाला रस्ता, पाव्हणं."

जीप चालू झाली. मी काचेला हात लावून तसाच थोडा पुढं चालत गेलो, अजून एक शब्द येईल म्हणून. मामानं डायवरला म्हणलं, "चल," आणि काच वर केली.